शेफच्या टेस्टमध्ये खोटी रॅम बदलतच नाही, मदत हवी आहे

बडोदेकरीण:
मंडळी, मोबाइलवरून लिहितेय, त्यामुळे कोडही देवनागरीतच. सांभाळून घ्या.

आमचे पोस्टग्रेस डेटाबेसचे सर्व्हर शेफने (सर्व्हरची मांडणी आपोआप करणारं साधन) उभे राहतात. शेअर्ड बफर्सचा, म्हणजे पोस्टग्रेस स्वतःसाठी राखतो त्या रॅमचा, आकडा आम्ही हाताने टाकत नाही. शेफची ॲट्रिब्यूट फाइल (सेटिंगचे आकडे ठरवणारी) मशीनची रॅम बघते आणि तिचा पाव हिस्सा धरते, जास्तीत जास्त ८ जीबी. गेल्या महिन्यात कोणाच्या तरी हातून तिथला १०२४ ने भागायचा टप्पा उडाला. ओहाय (मशीनची माहिती गोळा करणारं शेफचं साधन) रॅम केबीत सांगतो, फाइलीत तोच आकडा एमबी म्हणून गेला. १६ जीबीच्या मशीनवर पोस्टग्रेसने जवळजवळ ४ टीबी मागितले आणि उठायलाच नकार दिला. टेस्ट सगळ्या हिरव्या! कारण त्या फक्त कॉन्फिग फाइल तयार झाली का, एवढंच बघत होत्या.

आता आकडा तपासणारी टेस्ट लिहायचं काम माझ्याकडे आलंय. शेफस्पेकमध्ये (शेफच्या टेस्टची चौकट) प्लॅटफॉर्म उबुंटू दिला, की फोहाय खोट्या मशीनची माहिती पुरवतो. पण त्या मशीनची रॅम कायम '१०४८५७६केबी', म्हणजे १ जीबी. त्यामुळे काहीही केलं तरी उत्तर २५६एमबी.

करून पाहिलेलं:
आधी नोड.ओव्हरराइडमध्ये (नोड म्हणजे ते खोटं मशीन) मेमरी-टोटल बदलली. ढिम्म.
मग नोड.ऑटोमॅटिक वापरलं. बिफोरमध्ये (टेस्टच्या आधी चालणारा भाग) शेफ_रन.नोड.ऑटोमॅटिकला '१६७७७२१६केबी' दिलं. पुट्स करून बघितलं तर नोडवर १६ जीबी दिसतात, आणि फाइलीत पुन्हा २५६! शेफ_रन वर लेटमध्ये आहे, त्यातच कन्व्हर्ज (शेफचा कोड प्रत्यक्ष चालवणं).

नवरात्राच्या आत संपवायचंय. एकदा गरबे सुरू झाले की बडोद्यात संध्याकाळी कोणाला फोन करायची सोय नाही.

जुना_खिळा:
ताई, दोन वेगवेगळ्या चुका आहेत.

ओव्हरराइड नावाने दांडगं वाटतं, पण शेफमध्ये सगळ्यांत वरचढ ऑटोमॅटिक. ओहायची माहिती तिथेच बसते, फोहायही तिथेच भरतो. तेव्हा पहिला प्रयत्न हरणारच होता.

दुसऱ्यात जागा बरोबर, वेळ चुकली. लेट आळशी असतो. त्याचं नाव पहिल्यांदा घेतलंत की आतलं सगळं चालतं. तुम्ही बिफोरमध्ये शेफ_रन म्हणालात, त्याच क्षणी १ जीबी धरून कन्व्हर्ज झालं, ॲट्रिब्यूट फाइलचा हिशोब आटोपला, आणि मग तुम्ही रॅम वाढवलीत. पंगत उठल्यावर मीठ वाढल्यासारखं. रनर (टेस्टमध्ये शेफ चालवणारा ऑब्जेक्ट) वेगळ्या लेटमध्ये ठेवा, त्यात कन्व्हर्ज नको. आधी रनर.नोड.ऑटोमॅटिक बदला, शेवटी रनर.कन्व्हर्ज.

आकडा केबीतली स्ट्रिंग म्हणूनच द्या. '१६जीबी' दिलंत तर टू_आय (स्ट्रिंगचा आकडा करणारी मेथड) त्यातून नुसता १६ काढेल आणि टेस्ट निमूटपणे भलताच हिशोब करेल. पुढे डिस्क, नेटवर्क सगळंच खऱ्यासारखं हवं असेल तर खऱ्या मशीनवर ओहाय चालवून त्यातून निघालेली जेसन फाइल रनरला पाथमध्ये देता येते. मात्र गिटमध्ये टाकण्याआधी तिच्यातले आयपी, होस्टनेम, युजरची नावं पुसा. लोक विसरतात. मीही विसरलोय.

एक शंका. कमाल ८ जीबी आहे म्हणता, मग ४ टीबी फाइलीत पोचले कसे?

बडोदेकरीण:
चाललं! १६ जीबीला ४०९६एमबी, २ जीबीला ५१२. दादा, शेव-उसळ माझ्याकडून, बडोद्याला आलात की सांगा.

तुमची शंका मात्र डोक्यातून जाईना, म्हणून ६४ जीबीचीही टेस्ट लिहिली. ८१९२ हवे होते, आले १६३८४. फाइल उघडली, तर कमाल मर्यादेच्या ओळीपुढे हॅश, म्हणजे ती ओळ बंदच. शेजारी शेरा: 'तात्पुरतं'. गिट ब्लेम (ओळ कोणी, कधी बदलली ते दाखवणारं) केलं, मार्चमधलं आहे आणि माझंच आहे.

धागा बंद करायला हरकत नाही.