आईच्या पाठीला ती ‘गन’ लावू द्यावी का?

चरईकर:
नमस्कार. आम्ही ठाण्यात, चरईत राहतो. आई ७४ वर्षांची. पाठदुखी जुनीच. पण पावसाळ्यात राम मारुती रोडवरून येताना रिक्षा खड्ड्यात दाणकन आदळली, तेव्हापासून जरा जास्त दुखतंय. अंथरुणावरून उठताना कळ येते, एकदा उभी राहिली की बरी असते.

माझा भाऊ खारघरला असतो. त्याने घोडबंदर रोडवरचं एक कायरोप्रॅक्टिक (मणके-सांधे झटके देऊन बसवायचा उपचार) क्लिनिक शोधलंय. तिथे हाताने मान-कंबर मोडत नाहीत, स्प्रिंगच्या छोट्या यंत्राने मणक्यांवर टकटक ठोके देतात. फोनवरची मुलगी म्हणाली, ‘शंभर टक्के सेफ, वय कितीही असू दे.’ दहा सेशनचं पॅकेज, पैसे आधी. आई दिवसभर मोबाइलवर त्या कडाकड हाडं वाजवण्याच्या रील्स बघते, तीही फुल आवाजात. तिचं म्हणणं, ‘तसलं मला नको गं, पण ते पिस्तूल चालेल.’

तिला ऑस्टिओपोरोसिस आहे, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत. तीन वर्षांपूर्वीच्या डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजतात ती तपासणी) टी-स्कोअर, म्हणजे त्या घनतेचा आकडा, उणे २.९ होता. आठवड्याची गोळी चालू आहे, ती उपाशीपोटी घेऊन अर्धा तास बसून राहायची असते ती. हे यंत्र नक्की करतं काय, आणि अशा हाडांना चालतं का? कोणी घेतलंय का?

स्प्रिंगवाला:
मी घेतलंय, वाशीला, मानेसाठी. उभी हयात वागळे इस्टेटमध्ये टूलरूममध्ये गेली, त्यामुळे झोपल्या झोपल्या आधी ते यंत्रच मागून घेऊन पाहिलं. बॉलपेनच्या बटणासारखी आत दाबलेली स्प्रिंग, ती सुटली की छोटा हातोडा पुढच्या रबरी टोकावर आपटतो. टोक जेमतेम काही मिलिमीटर सरकतं आणि ठोका काही मिलिसेकंदांत संपतो, म्हणजे स्नायू आवळायच्या आतच. खट्ट आवाज येतो तो यंत्राचा, हाडाचा नाही. आईंना सांगा, रीलमधला कडाकाही हाड मोडल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते त्याचा असतो.

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ साली अमेरिकेत डेव्हनपोर्टला डॅनियल पामरने केली. हे ठोक्याचं यंत्र बरंच नंतरचं, १९६०च्या दशकातलं. मिनेसोटातल्या फ्यूर आणि ली या दोघांनी दिवसभर हाताने झटके देऊन स्वतःचेच हात दुखायला लागले म्हणून ते बनवलं असं सांगतात. मला दोन-तीन दिवस मान हलकी वाटली, मग होती तशी. नुकसान काही झालं नाही. पण माझी हाडं मजबूत आहेत, हे लक्षात घ्या.

नेरूळ_फिजिओ:
ताई, यंत्राचं जरा बाजूला ठेवा. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. त्यात चौऱ्याहत्तरीच्या बाई, रिक्षा आदळली, त्यानंतर दुखणं बदललं, कूस बदलताना-उठताना कळ. मणका दबलेला नाही ना, हे आधी बघायला हवं. अशा हाडांत पडणं-झडणं लागत नाही, एक दणका पुरतो. ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे जा आणि पाठीचा बाजूने एक्स-रे काढून घ्या. तोवर हाताने नको, यंत्राने नको, मालिश नको, आणि ओळखीतला हाडवैद्य तर मुळीच नको.

एक विचारते. उंची कमी झाल्यासारखी वाटते का? मणके दबले की उंचीही घटते.

घणसोलीचा_संदीप:
माझ्या सासऱ्यांना याच यंत्राने पूर्ण आराम पडला. डॉक्टर लोक उगाच घाबरवतात. महिनाभर गेले, आता टाकीवर चढतात.

नेरूळ_फिजिओ:
चढू देत, आनंदच आहे. पण साधी कंबरदुखी कित्येकांची काही आठवड्यांत आपोआपही कमी होते, त्यामुळे एका सासऱ्यांवरून काही ठरत नाही. २०१५ साली पिट्सबर्गमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ताजी कंबरदुखी असलेले १०७ जण, तीन गट: हाताने, यंत्राने आणि नेहमीचे वैद्यकीय उपचार. चार आठवड्यांनी हातवाल्यांना जास्त आराम होता, यंत्रवाले आणि नेहमीचे उपचारवाले सारखेच. सहा महिन्यांनी तिघांत सांगण्यासारखा फरक उरला नाही. म्हणजे यंत्र वाईट नाही, पण दहा सेशनचे आगाऊ पैसे मोजावेत असंही त्यात काही नाही.

आता धोक्याचं. मानेला हाताने झटका दिल्यावर क्वचित मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटतं आणि स्ट्रोक येतो. झटक्यामुळेच फाटतं की आधीच फाटत असलेल्या वाहिनीमुळे मान दुखते म्हणून माणूस तिथे जातो, यावर वाद आहे. तरी अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये म्हटलं की हा संबंध पेशंटला आधी सांगायला हवा. यंत्रात मान पिळत नाहीत, त्यामुळे ती भीती कमी वाटते, आणि ते पटण्यासारखंही आहे. पण ‘शंभर टक्के’ कुठून आणलं? इतक्या क्वचित होणाऱ्या गोष्टी शंभर माणसांच्या अभ्यासात दिसतच नाहीत. शिवाय माझी खरी अडचण ठोक्याच्या जोराशी नाहीच. ठोका कितीही हलका असो, तो दबलेल्या मणक्यावर, टीबी झालेल्या मणक्यावर किंवा गाठ असलेल्या हाडावर बसतोय का, हे बघितलं कोणी? आपल्याकडे मणक्याचा टीबी काही दुर्मिळ नाही. फोनवरच्या मुलीने ‘आईंना काय काय आहे’ एवढं तरी विचारलं का?

फिजिओंची महाराष्ट्रात परिषद आहे, तिथे नोंदणी तपासता येते. कायरोप्रॅक्टरसाठी आपल्याकडे अशी वेगळी सरकारी परिषद नाही. परदेशातली चार-पाच वर्षांची पदवी घेतलेले आहेत, शनिवार-रविवारचा कोर्स केलेलेही आहेत, आणि पाटी दोघांचीही सारखीच दिसते. पुढे कधी गेलातच तर पदवी कुठली ते तोंडावर विचारा. राग आला तर उठून या.

चरईकर:
नाही, काहीच विचारलं नाही, फक्त वय आणि गुगल पे. आणि उंचीचं वाचून धस्सच झालं. दिवाळीपासून आई म्हणतेय की साड्या खाली लोळायला लागल्यात, फडताळाच्या वरच्या खणाला हात पोचत नाही. आम्ही वयाचं म्हणून हसून सोडून दिलं. भावाला फोन केला, अ‍ॅडव्हान्स भरलेला नाही. उद्या सकाळची ऑर्थोची वेळ मिळाली आहे. आई रुसलीय. पिस्तूल नाही तर नाही, पण एक्स-रेला परत रिक्षाने जाणार नाही म्हणते.

नेरूळ_फिजिओ:
बरोबरच आहे त्यांचं. कॅब बोलवा, पुढच्या सीटवर बसवा, पाठीमागे छोटी उशी. झोपून उठवताना सरळ ओढू नका. आधी एका कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा, मग हाताच्या आधाराने बसू दे. एक्स-रेच्या टेबलावरही तसंच करायला तिथल्या माणसाला सांगा. जुना डेक्साचा रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, रक्त पातळ करायची गोळी असेल तर तीसुद्धा दाखवा. आणि मधेच पायात जोर कमी वाटला, लघवी अडली किंवा नकळत झाली, बसायच्या जागी बधिर वाटलं, तर सकाळची वाट न बघता रात्रीच कॅज्युअल्टीत न्या.