कोयना आडवी सरकते, वारणा खचते. मग ताण एकच कसा?

कोयनाकाठ: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कोयना-वारणेच्या भूकंपांची फोकल मेकॅनिझम (भूकंपात भेग कशी सरकली ते दाखवणाऱ्या गोल आकृत्या, म्हणजे बीचबॉल) जमवली आहेत. गाव पाटण तालुक्यात, ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपाची पहाट आजीकडून शंभरदा ऐकलेली, म्हणून विषय मीच मागून घेतला. आता अडकलोय. कोयनेकडचे बीचबॉल स्ट्राइक-स्लिपचे (खडक आडवा सरकलेला), वारणेकडचे नॉर्मल (खडक खचलेला). सगळ्या पी-अक्षांची (बीचबॉलवरून काढलेल्या दाबाच्या रेघांची) सरासरी काढली तर धड कुठलीच दिशा येत नाही. त्यात किल्लारीचा रिव्हर्स (खडक वर चढलेला) टाकला, अजूनच घोळ.

भटक्या: भारतीय प्लेट उत्तरेला सरकतेय, म्हणजे दाब उत्तर-दक्षिण. त्यासाठी एवढी आकडेमोड कशाला?

जुना ड्रम: भटक्या, प्लेटची दिशा कळली म्हणून कोयनेच्या दगडात काय चाललंय ते कळत नाही.

पाटणचा म्हणजे आमच्याकडचाच, तेव्हा तुला ‘तू’च म्हणतो. सरासरी आधी सोड. पी-अक्ष म्हणजे ताण नव्हे. बीचबॉलच्या पांढऱ्या भागाच्या मधोमध, सरकण्याच्या दोन्ही शक्य प्रतलांशी ४५ अंशांवर भूमितीने बसवलेली ती रेघ. खडक कोरा नसतो, जुनी भेग असली की कोन तितकासा सोयीचा नसला तरी तिथूनच सरकतो. भूभौतिकशास्त्रज्ञ मॅकेन्झीने १९६९ मध्येच दाखवलं, की सर्वाधिक दाबाचा खरा अक्ष त्या पांढऱ्या चतकोरात कुठेही असू शकतो.

म्हणून वेगवेगळ्या कलांच्या फॉल्टवरचे भरपूर भूकंप घ्यायचे आणि उलटं विचारायचं, यालाच इन्व्हर्जन म्हणतात: असा कोणता एकच ताण, ज्याने प्रत्येक प्रतल जसं सरकलं तसंच सरकेल? उत्तरात ताणाच्या तीन अक्षांच्या दिशा आणि त्यांच्या मापांची तुलना सांगणारं एक गुणोत्तर मिळतं. मेगापास्कल, म्हणजे ताणाचे प्रत्यक्ष आकडे, मिळत नाहीत, ते बोअरहोलचं काम.

आता एक कर. फक्त टी-अक्ष (पी-अक्षासारखीच, पण खडक ताणला जातो त्या दिशेची रेघ) मांडून बघ. आम्ही स्टीरिओनेटच्या (दिशा मांडायच्या गोल जाळीच्या) मध्यात टाचणी खोचून ट्रेसिंग पेपर फिरवायचो, तुला दोन मिनिटं लागतील.

कोयनाकाठ: काका, कोयना आणि वारणा, दोन्हींचे टी-अक्ष साधारण पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य!

जुना ड्रम: मग घोळ कुठे राहिला? सर्वांत कमी दाबाची दिशा दोन्हीकडे तीच. बदलतात ते उरलेले दोन. वारणेला वरच्या खडकाचं वजन वरचढ, म्हणून जमीन खचते. कोयनेला आडवा दाब वरचढ, म्हणून बाजूला सरकते. दोघांत फरक थोडाच असला की थोडक्या अंतरावर असा पालट होतो. तुझ्या गुणोत्तरात तो दिसायला हवा.

किल्लारी मात्र काढून टाक. ३०० किलोमीटर लांबची, आणि १९९३ला तिथे आडवा दाब इतका भारी पडला की खडक वर चढला. एकाच इन्व्हर्जनमध्ये दोन्ही कोंबलेस तर मशीन उत्तर देईल, पण ते ना इथलं ना तिथलं.

आणखी एक. प्रत्येक बीचबॉलला दोन प्रतलं, खरं सरकलेलं एकच. मी एकदा सगळीकडे सोयीचं तेच धरलं आणि आठवडा वाया घालवला. १९६७चं उत्तर-ईशान्य प्रतल, समोरची बाजू डावीकडे सरकलेली, हे पक्कं आहे. बाकीच्यांसाठी लहान धक्क्यांचे पट्टे नकाशावर टाक, पट्टा ज्या प्रतलाच्या रेषेत तेच निवड. जिथे ठरेना तिथे दोन्ही चालवून फरक लिही.

कोयनाकाठ: आज रात्रीच बसतो. नऊ भूकंपांचं प्रतल ठरत नाहीये, उद्या नकाशा टाकतो इथे.