‘ओला दुष्काळ’ की ‘अतिवृष्टी’?

गोदाकाठ: २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणा, मांजरा, गोदावरी या नद्या पात्र सोडून शेतात शिरल्या. मराठवाडाभर मागणी एकच होती, ओला दुष्काळ जाहीर करा. सरकार म्हणालं, नियमात असा शब्दच नाही. माझं म्हणणं, तो यायलाच पाहिजे. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की अतिवृष्टी. हे आभाळाचं माप झालं. घरात वर्षाचं धान्य नाही, जनावराला कडबा नाही, हाताला काम नाही, याला आपल्याकडं दुष्काळच म्हणतात. पीक उन्हानं नेलं काय अन् पाण्यानं नेलं काय!

निवृत्त महसूलवाला: भाऊ, तळमळ पटते, मागणी पटत नाही. २०१६ ची दुष्काळ संहिता पावसाची तूट, भूजल, जमिनीतला ओलावा आणि पिकाची स्थिती बघते. पुराच्या गावात पाऊस, भूजल, ओलावा उत्तमच दिसणार. शिवाय ती प्रक्रिया लांबलचक. अतिवृष्टीत ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असलं की पंचनाम्यावर मदत मिळते, दुष्काळ जाहीर व्हायची वाट बघावी लागत नाही.

परभणीची लेक: काका, झडीचं काय? रोज वीस-पंचवीस मिलिमीटर, आठवडाभर उघडीप नाही. ६५ चा आकडा कधी गाठलाच नाही, पण उभ्या सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटले. पर्जन्यमापक मंडळाच्या गावाला, ढग फुटला आमच्या शिवारात, असंही होतं.

निवृत्त महसूलवाला: त्यासाठीच २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती मानली गेली, ताई. निकष असे सुधारतात. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात दुष्काळाच्या सवलती अतिवृष्टीग्रस्तांनाही जाहीर झाल्याच की, त्या शब्दाविना.

गोदाकाठ: झाल्या, पण आंदोलनं झाल्यावर. शब्द नियमात असता तर तो हक्क झाला असता. दरसाल तहसीलसमोर बसायचं का?

परभणीची लेक: मला दोघांच्याही बोलण्यात शेतमजूर दिसला नाही. पंचनामा सातबारावाल्याच्या पिकाचा होतो. कापूस वेचणीवर घर चालवणाऱ्या बाईचा हंगामच वाहून गेला, तिची नोंद कशात?

निवृत्त महसूलवाला: हा मुद्दा मान्य. त्यासाठी रोजगार हमी योजनेची (रोहयो) कामं काढायला लावा, ग्रामसभेचा ठराव घ्या.

परभणीची लेक: काळ्या रानात वापसा आल्याशिवाय, म्हणजे चिखल सुकून माती कामाजोगी झाल्याशिवाय, मातीकाम निघत नाही, काका. तोवर तिला धान्य अन् रोख मदतच लागते. दुष्काळ म्हणा, अतिवृष्टी म्हणा, आधी तिचं नाव यादीत घ्या.