रि: रि: इशापूर देऊन एआर घेऊ का? (रविवारच्या आत सांगा)

निखिल (सध्या कोथरूड):
मंडळी, घाईत लिहितोय, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून टाइप करतोय. ती माझी इशापूर, म्हणजे इशापूरच्या कारखान्यातली जुनी लष्करी रायफल, पिकनिकला फोटो दाखवले होते ती, तिच्या बदल्यात कॅलिफोर्नियातल्या आपल्या शूटिंग रेंजवरचे जिग्नेशभाई त्यांची फीचरलेस एआर (एआर-१५ धर्तीची ५.५६ ची रायफल, तिथल्या कायद्यात बसावी म्हणून साधा पिस्तूल ग्रिप वगैरे नसलेली) द्यायला तयार आहेत, वर स्कोप पण. जवळजवळ नवीन आहे. पण त्यांना रविवारपर्यंत हो किंवा नाही कळायला हवं, नाहीतर ते दुकानात विकायला ठेवणार. माझी रायफल घरी सेफमध्ये आहे, ओंकार घर सांभाळतोय, त्याला फोनवर कोड सांगितला की तो दुकानात नेऊन देईल असा प्लॅन आहे. २ए१ मॉडेल, १९६७ ची, लाकूड अजून छान आहे. बाबा म्हणतायत देऊ नकोस, इकडे आण, हॉलमध्ये लावू. काय करू?

मंदाताई:
निखिल, आईंना लवकर बरं वाटू दे. पण खरेदी-विक्रीची मेल फक्त शुक्रवारी आणि सब्जेक्टमध्ये तसं लिहून, हे कमिटीत ठरलंय, त्या पियानोच्या भानगडीनंतर. आज मंगळवार आहे.

सुहास (फ्रीमाँट):
मंदाताई, तो विकत नाहीये, विचारतोय, चालू द्या की. निखिल, माझं मत स्पष्ट आहे, देऊ नकोस. एआर उद्या कुठल्याही दुकानात मिळेल, इशापूर आता कुणी बनवत नाही. आणि तुझी ती जुन्या .३०३ रायफलीत बदल करून बनवलेली नाही, तसं इथे रेंजवर अर्धे लोक समजतात. ६२ च्या युद्धानंतर मुद्दाम ७.६२ नेटोसाठीच नव्या, जास्त चांगल्या स्टीलची बनवली, ढाचा फक्त जुन्या एसएमएलईचा (ब्रिटिशांची .३०३ ली-एनफिल्ड) ठेवला. मॅगझिन बघ, चौकोनी आहे. मागची साइट ८०० मीटरवर थांबते म्हणून २ए१, आधीच्या २ए ची २००० पर्यंत जायची, तेवढ्या लांब कोण मारणार होतं देव जाणे. शिवाय पन्नास वर्षांच्या वर गेली म्हणजे क्युरिओमध्ये, म्हणजे जुन्या संग्राह्य बंदुकांत मोडते.

रवीकाका (पाषाण):
सुहासने इतिहास बरोबर सांगितला. मी इथे पाषाणलाच एआरडीईत (लष्कराची शस्त्रं डिझाइन करणारी सरकारी संस्था, इन्सासही तिथलीच) नोकरी केली, तेव्हा थोडं बोलायचा हक्क आहे. गंमत बघा, लष्कर ७.६२ च्या एसएलआर रायफलवरून ५.५६ च्या देशी इन्सासवर गेलं आणि २०१९ मध्ये ७२,४०० परदेशी सिग ७१६ रायफली मागवल्या, त्या परत ७.६२ बाय ५१, म्हणजे निखिलच्या रायफलचीच गोळी. २०२४ मध्ये आणखी ७३,००० मागवल्या. आणि निखिल निघालाय ५.५६ घ्यायला. मॉडर्न म्हणजे नक्की काय ते आधी ठरवा.

देवेन:
काका राग नका मानू पण इन्सासचं नाव निघालंच आहे तर, कारगिलला थंडीत मॅगझिन तडकल्याचं सगळ्या पेपरांत आलं होतं ना? म्हणून तर सिग घ्यावी लागली.

रवीकाका:
देवेन, कारगिल १९९९, सिग २०१९. मध्ये वीस वर्षं तीच रायफल जवानाच्या खांद्यावर होती, हे पण लिहीत जा. मॅगझिनचा प्लास्टिक पार्ट नंतर सुधारला. डिझाइन करणाऱ्याला शिव्या, आणि बाहेरून आली की टाळ्या. २०२४ च्या जानेवारीत इथेच पुण्यात उग्रम ही देशी रायफल दाखवली, ७.६२ बाय ५१, चार किलोच्या आत, तिच्यावर कुणी मेल केली नाही.

प्राची:
सगळे इतिहासात शिरलात, मूळ मेल कुणी वाचली का? ओंकार एच-वन-बीवर आहे!! नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळी जवळ बाळगता येत नाही. नुसती हातात घेतली तरच असं नाही, सेफचा कोड त्याला दिलास आणि तू सात समुद्रापार, तर ताबा त्याचाच धरू शकतात. पोराचं ग्रीनकार्ड रांगेत आहे. मी वकील नाही, पण आमच्या ऑफिसात रोज हेच बघते. निखिल, कोड देऊ नकोस, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको.

देवेन:
हंटिंग लायसन्स असलं की चालतं ना पण? ओंकारला काढून द्या.

प्राची:
चालतं, ती सूट आहे. पण कॅलिफोर्नियात त्यासाठी आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, आणि घरी अंडं न खाणारा ओंकार रविवारच्या आत डुकराची शिकार शिकणार का, ते तू त्याच्या आईला फोन करून विचार.

सुहास:
कायद्याचंच बोलायचं तर ओंकार सिटिझन असता तरी उपयोग नव्हता. इथे दोन माणसांमधली अदलाबदल पण डीलरमार्फतच होते, आणि देणारा-घेणारा दोघं स्वतः काउंटरवर उभे लागतात, बंदुकीसकट. वर दहा दिवस थांबायचं. म्हणजे निखिल पुण्यातून परत येईपर्यंत काहीच होणार नाही, जिग्नेशभाईंना हे माहीत असायला हवं, ते पण इथलेच आहेत.

शिल्पा:
माझ्या मिस्टरांना .३०८ आणि ७.६२ मधला फरक कुणी सांगेल का, ते म्हणतात एकच आहे.

सुहास:
शिल्पा, बाहेरून मापं इतकी जवळ की एकमेकांत बसतात, पण दुकानातली .३०८ जास्त प्रेशरला भरलेली असू शकते आणि नेटोच्या रायफलीचं चेंबर थोडं सैल असतं. या जुन्या इशापूरमध्ये मी स्वतः फक्त ७.६२ घालतो, आधी हेडस्पेस (बोल्ट आणि गोळीमधली जागा) गनस्मिथकडून तपासून. मिस्टरांना सांग, बसते म्हणून मारू नये. आणि जुनी सरप्लस गोळी असेल तर ट्रिगर दाबल्यावर आवाज नाही आला तरी नळी समोरच धरून थांबायचं, लगेच बोल्ट उघडायचा नाही. मारून झाल्यावर नळीत गरम पाणी घालून धुवायची, जुन्या प्रायमरच्या मिठाने गंजते. आमच्या एनसीसीच्या हवालदारांनी .३०३ बरोबर हेच शिकवलं होतं, एसपी कॉलेजच्या मैदानात, आणि पहिल्याच दिवशी खांदा वांग्यासारखा जांभळा झाला होता, तो वेगळा विषय.

मंदाताई:
एसपीच्या मैदानात फायरिंग होत नव्हतं सुहास, ड्रिल व्हायचं. मी तिथलीच आहे.

सुहास:
ड्रिल एसपीला, फायरिंग कॅम्पला. एका वाक्यात लिहिलं म्हणून.

रवीकाका:
निखिलच्या बाबांसाठी, कुणी लिहिलं नाही म्हणून: हॉलमध्ये लावायचं विसरा. आपल्याकडे .३०३ किंवा ७.६२ ची बोल्ट ॲक्शन पण प्रोहिबिटेड बोअर धरतात, सर्व्हिसची गोळी तिच्यात जाते म्हणून. म्हणूनच साध्या लायसन्सवाल्यांसाठी इशापूरने .३१५ ची स्पोर्टिंग रायफल काढली, तोच जुना ढाचा, गोळी वेगळी. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्सवर तीन नाही, दोनच हत्यारं ठेवता येतात, वडिलोपार्जित धरून. सोसायटीतल्या एका गृहस्थांना यासाठी आजोबांची बारा बोअर जमा करावी लागली.

देवेन:
मग बालेवाडीला मुलं काय वापरतात?

रवीकाका:
एअर रायफल आणि .२२. तिथे इशापूर घेऊन गेलास तर पोलीस आधी येतील.

निखिल:
सगळ्यांना एकत्र उत्तर देतो, आईला आज चालवलं, आठ पावलं, फिजिओ खूश आहे. कोड अजून कुणाला दिला नव्हता आणि देणार पण नाही. ओंकारला फोन केला तर त्याचा पहिला प्रश्न, "मामा, सेफ कुठे आहे?" म्हणजे त्याला माहीतच नव्हती, ठीकच झालं.

जिग्नेशभाईंना मेसेज टाकला की मी येईपर्यंत कागद होऊ शकत नाहीत, थांबायचं तर थांबा, नाहीतर खुशाल विका. एआर मला हवी आहे, खोटं कशाला बोलू, ५.५६ च्या गोळ्या स्वस्त पडतात, रिकॉइल कमी आहे, शंभर यार्डावर पेपर टार्गेट मारायला लष्कर कुठली गोळी वापरतं याने मला काय फरक पडतो काका? आणि मुलगी एकवीसची झाली की तिला पण शिकायचंय, तिला इशापूरचा धक्का झेपणार नाही. पण त्यासाठी ही द्यायची नाही. एआर नंतर दुकानातून रोख घेईन. फीचरलेस म्हणजे तो माशाच्या परासारखा ग्रिप पुन्हा, त्यात माझा अंगठा नीट बसत नाही, ती तक्रार येऊन लिहीन. बाबांना प्रोहिबिटेड बोअरचं सांगितलं, ते म्हणाले मग फोटो फ्रेम करून आण.

मंदाताई:
छान. आता हा धागा बंद, फराळाच्या ऑर्डरी त्याखाली हरवतायत. सुहास, तुझी दोन किलो भाजणी लिहिली आहे, बरोबर ना?

देवेन:
जिग्नेशभाई तुझ्यासाठी थांबले नाहीत तर त्यांचा नंबर मला दे. मी सिटिझन आहे.

मंदाताई:
शुक्रवारी, देवेन.