मदत हवी आहे : धाकटा भाऊ पॉइंट्समन म्हणून रुजू होतोय, शंटिंगबद्दल विचारायचं आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाची कोकण रेल्वेत पॉइंट्समन म्हणून निवड झाली आहे. ट्रेनिंग संपत आलंय. ऐन पावसाळ्यात तो रत्नागिरीच्या बाजूला एका स्टेशनवर रुजू होईल. आमच्या घरात रेल्वेतलं कुणी नाही. आई समजते झेंडा दाखवायचं काम आहे. मीही तसंच समजत होते, पण परवा त्याने वहीतल्या आकृत्या दाखवल्या आणि तेव्हापासून जिवाला घोर लागलाय.

बिघडलेली वाघीण (मालडबा) मालगाडीच्या रेकमधून, म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या रांगेतून तोडून सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर लावायची, इंजिन या टोकाचं त्या टोकाला न्यायचं, मालधक्क्यावर रिकामे डबे लावायचे, हे सगळं शंटिंगमध्ये, म्हणजे स्टेशनात डबे-इंजिनं हलवण्याच्या कामात येतं म्हणे. शिवाय रोहा ते वीर सोडलं तर हा मार्ग अजून एकेरीच. मागे एक्सप्रेस खोळंबली की "लवकर आटपा" होणारच. मला त्या घाईचीच भीती वाटते. दोन वाघिणींच्या मधे शिरायचं ते नेमकं कधी? अंधारात, पावसात ड्रायव्हरला याचा दिवा दिसलाच नाही तर? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा, मी त्याला वाचून दाखवणार आहे.

प्रतिसाद

ताई, मी शंटिंग जमादार म्हणून निवृत्त झालो. अभिनंदन सांगा त्याला.

आधी दिव्याचं. शंटिंगमध्ये ड्रायव्हरला इशारा एकाच माणसाने द्यायचा. तो दिसेनासा झाला की ड्रायव्हरने जागच्या जागी थांबायचं, अंदाजाने पुढे यायचं नाही. हिरवा दिवा सावकाश वर-खाली म्हणजे माझ्यापासून लांब जा, आडवा हलवला तर माझ्याकडे ये. वेग ताशी १५ किलोमीटरच्या वर नाही, आणि डबा जोडताना तर माणसाच्या चालीपेक्षाही कमी.

आता मधे शिरण्याचं. मालडब्यांचे कपलर (डबे जोडणारे आकडे) टेकले की आपोआप अडकतात आणि सोडायचा दांडा बाजूला असतो. म्हणजे नुसतं तोडायला आत जावं लागत नाही. आत जावं लागतं ते ब्रेकच्या होज पाइपसाठी. गाडी पूर्ण थांबली, लाल इशारा दाखवला, ड्रायव्हरने "समजलं" म्हटलं, की मगच वाकून आत. कपलर नीट बसला नाही म्हणून गाडी हलत असताना त्याला हात किंवा पाय लावायला कुणी गेला, तर तिथे दुसरी संधी नसते. पाइप सोडण्याआधी दोन्हीकडचे अँगल कॉक (हवेच्या नळ्या) बंद हवेत. आत चौरस सेंटीमीटरला ५ किलो हवेचा दाब असतो, सुटलेला पाइप चाबकासारखा उसळतो आणि लोखंडी तोंड थेट गुडघ्यावर किंवा तोंडावर बसतं.

तोडून ठेवलेली वाघीण फाउलिंग मार्कच्या (शेजारच्या रुळावरच्या गाडीला धक्का लागू नये म्हणून केलेल्या खुणेच्या) आत आहे ना हे स्वतः चालत जाऊन बघायचं. हँडब्रेक पिळायचा, चाकाखाली लाकडी पाचर, साखळी, कुलूप. नव्या यार्डाचा उतार जास्तीत जास्त ४०० ला १ असतो. डोळ्याला सपाट दिसतो, पण रोलर बेअरिंगच्या डब्याला पळायला तेवढा पुरतो.

घाईचं म्हणाल तर, गाडी उशिरा सुटली तर मेमो (खुलासा मागणारं पत्र) येईल, उत्तर लिहून देता येतं. नवीन पोराला हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

प्रतिसाद

काकांनी उत्तम लिहिलंय. मी अजून नोकरीत आहे, पावसापुरतं सांगतो. रेनकोटची टोपी कानावर ओढून यार्डात फिरू नये. शेजारच्या रुळावरून ढकलत आणलेले डबे जवळजवळ आवाज करत नाहीत आणि टोपीमुळे कडेचं दिसतही नाही. चकाकणारं जॅकेट रेनकोटच्या वरून घालायचं, आतून नाही. ओल्या रुळावर पाय ठेवायचा नाही, ओलांडून जायचं. पॉइंटच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेच्या) जिभेवर, म्हणजे सरकत्या पट्टीवर तर नाहीच, ती मोटारने कधीही सरकते. आणि रुजू झाल्यावर स्टेशन वर्किंग रूल्स (त्या स्टेशनचे कामाचे नियम) वाचल्याची सही घेतात. सही करण्याआधी खरोखर वाचायला आणि यार्ड दिवसाउजेडी एकदा पायी फिरून बघायला सांगा. स्टेशन मास्तर नाही म्हणत नाहीत.