बीथोव्हेनची पाचवी: बसून ठेवायचं की हॉर्न वाजवायचा?

पेठेतला_व्हायोलिनवाला:
रविवारी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या मित्राकडं आम्ही पाचजण बीथोव्हेनची पाचवी सिंफनी ऐकायला बसलो, पुढ्यात नेटवरनं काढलेल्या स्कोअरची (सगळ्या वाद्यांच्या लिहिलेल्या सुरांची) झेरॉक्स, आणि पहिल्याच मुव्हमेंटवरनं, म्हणजे पहिल्या भागावरनं, अशी जुंपली की मिसळीचा कट गार झाला तरी कुणी हात लावला नाही. म्हणून इथं टाकतोय. (कंडक्टर म्हणजे काठीवाला, केएमटीतला नव्हे. आणि बसून हे वाद्य आहे, लाकडी, लांबडं, खर्जातलं. हॉर्न म्हणजे गाडीचा नव्हे, पितळी गोल नळीचं फुंकायचं वाद्य. आधीच सांगतो, नाहीतर तेच जोक येणार.)

तर ५९ व्या बारात (बार म्हणजे तालाचा एक छोटा खण) दोन हॉर्न एकटेच जोरात हाक देतात आणि मागनं व्हायोलिनवर ती मऊ थीम सुरू होते. हीच जागा पुढं ३०३ व्या बारात परत येते, आता सी मेजर या दुसऱ्या पट्टीत, आणि तिथं ती हाक हॉर्नला नाही, दोन बसूनना लिहिलीय. कारण १८०८ साली, ही सिंफनी आली तेव्हा, हॉर्नला व्हॉल्व, म्हणजे सूर बदलायच्या कळा, नव्हते. नुसती नळी, तिच्यातनं ठरावीक सूर मोकळे निघणार, बाकीचे भोंग्यात हात घालून दाबून काढायचे, ते घुसमटलेले यायचे. ई फ्लॅटच्या नळीवर पहिली हाक मोकळी निघते, दुसरीत दोन सूर दाबावे लागतात. म्हणून आजही कित्येक कंडक्टर पेन्सिल घेऊन ती ओळ सरळ हॉर्नला देऊन टाकतात. माझं मत, देऊ नये. लिहिलंय ते ऐकवा, त्याच्या मनात काय असेल ते तुम्ही ठरवू नका.

बँडवाला_मंगळवार:
भावा, मी लग्नाच्या बँडात वीस वर्षं ट्रंपेट फुंकतोय. क्लॅरिनेटवाल्यानं दांडी मारली की त्याची ओळ मी घेतो, वरात काय थांबत नाही. बीथोव्हेननं तेच केलंय, हॉर्नला जमेना म्हणून बसूनला सांगितलं. आता व्हॉल्व आलेत, मग व्हिएन्नाची तेव्हाची अडचण आपण आज का सोसायची? ऐकून बघ की, आख्खा ऑर्केस्ट्रा दणदणून थांबतोय आणि मग दोन बसून भुणभुणतात. खासबागेत पैलवानाचं नाव पुकारलं आणि आखाड्यात त्याचा भाचा उतरला, असं वाटतंय.

पेठेतला_व्हायोलिनवाला:
भाचा 😂 पण त्या चार बारात बाकी सगळे गप्प आहेत, बसूनला दाबायला कोणच नाही. आणि जमेना म्हणतोस तर त्याच्या तिसऱ्या सिंफनीचा, इरॉइकाचा स्कोअर काढ. १८०५ लाच ती लोकांपुढं आली. तिथं त्यानं तीन हॉर्न घेतलेत आणि पहिल्या मुव्हमेंटमध्ये एकाला मधेच नळी बदलून एफची लावायला लावलीय. म्हणजे उपाय त्याला माहीत होता.

रंकाळा_संध्याकाळ:
इरॉइकात बदलायला भरपूर बार मोकळे सोडलेत हे का सांगत नाहीस? पाचवीत तेवढी उसंत कुठाय, हॉर्नवाला नळी उपसून दुसरी लावेस्तोवर जागा निघून जाईल. आणि हात लावायचाच नाही असं कुठलं शास्त्र? वाग्नर या नंतरच्या संगीतकारानं बीथोव्हेनच्याच नवव्या सिंफनीत वाद्यांची भर घातली, ती वाजवताना दोन पिढ्यांनी मान्य केली. कंडक्टर म्हणजे काय कारकून आहे का, आलेली फाईल पुढं सरकवायची?

पेठेतला_व्हायोलिनवाला:
उसंत नव्हती तर तिसरा हॉर्न घ्यायचा. फायनलला, म्हणजे शेवटच्या मुव्हमेंटला, त्यानं तीन ट्रॉम्बोन, पिकोलो आणि कॉन्ट्राबसून आणलेतच की. ट्रॉम्बोनवाले तीन मुव्हमेंट हाताची घडी घालून बसतात! माणसं वाढवायला तो घाबरत नव्हता.
आणि अजून एक. हॉर्नवाली मंडळी म्हणतात 'त्याच्या मनातलं ओळखा', पण त्यानंच १८१७ ला आकडे छापून दिले, या मुव्हमेंटला मिनिटाला १०८ बार, तर त्यावर हीच मंडळी म्हणतात हे फार पळतंय, त्याचा मेट्रोनोम (लय मोजायचं यंत्र) बिघडला असेल. सोयीचं तेवढं मन.

ख्यालवेडी_राजारामपुरी:
पाश्चात्य मला फारसं कळत नाही, स्कोअर तर अजिबात नाही. पण ख्यालगायक अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात हा वाद चाललाय म्हणून सांगते. त्यांचा आवाज मधे गेला होता, परत आला तो पहिल्यासारखा नव्हता, आणि त्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी उभी केली असं सांगतात. आज गळा ठणठणीत असलेला माणूस पण तीच गायकी गातो ना? अडचण संपली म्हणून तिच्यातनं निघालेली वाट कुणी बुजवत नाही.

बँडवाला_मंगळवार:
ताई, मुद्दा लई भारी, पण खाँसाहेबांनी स्वतः बदललं आणि स्वतः गायले. बीथोव्हेन १८२७ ला गेला, आता विचारायचं कुणाला?

गुळाची_ढेप:
दोन्ही एकदम वाजवा की. हॉर्न पण, बसून पण. तसं करणारे पण आहेत.

रंकाळा_संध्याकाळ:
तांबडा-पांढरा एकाच वाटीत ओतायचा प्रकार हा.

पेठेतला_व्हायोलिनवाला:
पहिल्यांदाच आपलं एकमत झालं.

बँडवाला_मंगळवार:
काल रात्री दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ लावली, हेडफोन घालून, बायको म्हणाली ह्याला आता वेड लागलं. हॉर्नच पाहिजे हे माझं कायम आहे. पण एक गोष्ट सांगतो, लपवत नाही. हॉर्ननं हाक दिली की मागनं येणारं व्हायोलिन एकदम बारीक वाटतं, मोठ्यानं ओरडल्यावर कोणतरी कुजबुजल्यागत. बसूननं दिली की ते व्हायोलिन त्याच्याच आवाजातनं उगवल्यासारखं येतं, शिवण दिसत नाही.

पेठेतला_व्हायोलिनवाला:
हे मला सुचलंच नव्हतं. पण मग ५९ व्या बाराचं काय? तिथं तर त्यानं स्वतःच हॉर्न लिहिलाय, तिथं शिवण दिसते का?

बँडवाला_मंगळवार:
दिसतीया. ठळक दिसतीया. आता तिथंपण बसून घालतोस का बोल.