सुपरहिरोंचे वार्षिकांक: घ्यावेत का? आपापला अनुभव सांगा

भाचा नववीत आहे. परवा कॉलेज रोडवरच्या दुकानात स्पायडरमॅनचा ॲन्युअल हातात घेतला, तो खालीच ठेवेना. किंमत साडेसहाशे! नेहमीचा अंक याच्या निम्म्यात येतो, मग यात जास्तीचं काय? वार्षिक म्हटलं की मला दिवाळी अंक आठवतो, त्यापुढे माझी मजल नाही. ज्यांनी असे अंक घेतलेत त्यांनी लिहा. पस्तावला असाल तर तेही लिहा.

गंगापूर रोडहून

ताई, दिवाळी अंकाशी तुलना बरोबरच आहे. जाड अंक, जास्त पानं आणि वर्षभर राखून ठेवलेलं काहीतरी. स्पायडरमॅनचा पहिला वार्षिकांक १९६४चा. नेहमीचा अंक तेव्हा १२ सेंटला मिळे, हा २५ सेंटला, ७२ पानांचा. सहा जुने शत्रू एकजूट करून त्याच्यावर चालून येतात, आणि प्रत्येक झुंजीला चित्रकार स्टीव्ह डिटकोने एक अख्खं पान दिलंय. मी तो पुनर्मुद्रणात वाचला. त्या पानांवर मी दहा-दहा मिनिटं थांबलो होतो. मुख्य म्हणजे गोष्ट त्याच अंकात सुरू होते आणि तिथेच मिटते. अशी असेल तर डोळे झाकून घ्या.

सिडकोतून

डोळे झाकून अजिबात घेऊ नका! मी घेतला होता. प्लास्टिकमध्ये बंद होता, दुकानदार उघडू देईना. घरी येऊन बघतो तर कथेचा मधलाच भाग. आधीचा दुसऱ्या हिरोच्या अंकात, पुढचा तिसऱ्याच्या. ही पद्धत जुनी आहे. १९८९मध्ये मार्व्हलने, म्हणजे स्पायडरमॅनच्याच प्रकाशकाने, 'अटलांटिस अटॅक्स' ही एकच कथा १४ वार्षिकांकांत पसरवली होती. चौदा अंक कोण घेणार? शिवाय बऱ्याचदा महिन्याच्या अंकाचा चित्रकार वार्षिकांकाला नसतो. मुखपृष्ठावर एकाचं चित्र, आत दुसऱ्याचा हात. भाच्याला ज्याची चित्रं आवडतात त्याचं नाव आतल्या पानावर बघून घ्या.

नाशिक रोडवरून

माझे वडील नोटांच्या प्रेसमध्ये होते. कुठलंही छापील हातात आलं की आधी कागद चाचपायचे, मग वाचायचे. सुपरमॅनचा १९८५चा वार्षिकांक मी जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आणला तेव्हा त्यांनी कागदाला नावं ठेवली, ती रास्तच होती. पण गोष्ट ॲलन मूरची, चित्रं डेव्ह गिबन्सची. सुपरमॅनच्या वाढदिवसाला मित्र भेटी घेऊन येतात, तर तो छातीला चिकटलेल्या एका वनस्पतीच्या गुंगीत उभा. त्या स्वप्नात त्याचा ग्रह नष्ट झालेलाच नाही. तिथे त्याला बायको आहे, मुलं आहेत. जागं व्हायचं तर पोटच्या पोराचा निरोप घ्यायचा.

वडिलांना इंग्रजी अडखळत यायचं, म्हणून मी शेजारी बसून सांगत गेलो. ते पान आलं तेव्हा म्हणाले, "थांब, लगेच उलटू नकोस." अप्पा आता नाहीत. त्या अंकाची किंमत मला विचारू नका.

एक मात्र सांगतो. ही गोष्ट नंतर संग्रहांतही आली आहे, तेव्हा मूळ अंकामागे जास्तीचे पैसे घालू नका. आणि कणा चिकटवलेला जुना अंक सपाट उघडू नका, पानं सुटतात.

पंचवटीतून

आम्ही इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेली माणसं. वेताळाचा एक अंक गल्लीत आठ घरं फिरायचा. चौघा मित्रांनी वर्गणी काढून घ्यावा, आळीपाळीने वाचावा. वाचल्यावर त्यावर भांडायलाही चौघं मिळतात, आणि ती मजा मोठी.

धागा काढणारी, पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भाच्याला घेऊन परत गेले. सिडकोच्या दादांचं ऐकून आधी अंक उघडून मागितला. या दुकानदाराने लगेच उघडून दिला. शेवटच्या पानावर 'क्रमशः' नव्हतं. चित्रकाराचं नाव भाच्याने स्वतः शोधलं, त्याच्या आवडीचाच निघाला. निम्मे पैसे त्याने साठवलेल्यातले दिले, निम्मे मी. रिक्षात निमाणीपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मग अंक माझ्यापुढे धरून म्हणाला, "मावशी, हे पान बघ. पण लगेच उलटू नकोस."